खिडकीचा रकाना

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे दारापुढे पळसाच्या डहाळ्या लावतात आणि दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे त्या उपटून गावाबाहेर नेऊन टाकतात. त्याच दिवशी पीडा हाकलायला मारबत निघते. नागपूरची मारबत मोठी. तिची मिरवणूक निघते, तिचे फोटो छापून येतात. इकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे तिलाच नारबोद म्हणतात, आणि या नारबोदीला ना मिरवणूक ना बातमी. चिंध्यांचं नाहीतर गवताचं एक ध्यान, आणि त्याच्यामागे घसा फोडून ओरडत धावणारी पोरं. खोकला, पडसं, ताप, खरूज, ढेकूण, डास, जे जे नको असेल ते सगळं तिच्यासोबत धाडायचं. गावाच्या शिवेपलीकडे ध्यान टाकलं की काम झालं. पोरं घरी येऊन चहा-बासी खातात आणि वर्षभराची पीडा गेली असं सगळे धरून चालतात.

कोरोनाचं २०२० साल हे माझ्या डोळ्यांसमोर असं वर्षभर चाललेल्या नारबोदीसारखं उभं राहतं. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजल्या. आवाज करून पीडा हाकलायची ही विद्या आम्हाला दिल्लीहून शिकण्याची गरज नव्हती, पण त्या दिवशी सगळा देशच नारबोदीच्या मागे धावतोय असं वाटून मजा वाटली खरी. पुढे दोन-चार दिवसांत गावाकडे येणाऱ्या रस्त्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या, सागाच्या बल्ल्या आडव्या आल्या, आणि शाळेच्याच पाट्यांवर खडूने ‘गावबंदी’ लिहून त्या वेशीला टांगल्या गेल्या. राज्याने १३ मार्चलाच १८९७ चा साथरोग कायदा लागू केला होता. एकशे तेवीस वर्षांपूर्वी, मुंबई-पुण्यात प्लेग असताना इंग्रजांनी केलेला तो कायदा. सरकारचा कायदा जुना आणि आमची काटी त्याहून जुनी. दोघांचं म्हणणं एकच होतं: रोग बाहेरून येतो, त्याला बाहेरच अडवा.

सुरुवातीला ते खरं ठरल्यासारखंही दिसलं. मार्चच्या अखेरीस जिल्ह्यात एक रुग्ण सापडला, तो बरा होऊन घरी गेला, आणि पुढे कित्येक आठवडे काहीच नाही. मे महिन्याच्या तोंडावर केंद्र सरकारने जिल्ह्यांना लाल, नारिंगी, हिरवा असे रंग वाटले तेव्हा महाराष्ट्रातले सहाच जिल्हे हिरवे निघाले. उस्मानाबाद, वाशीम, सिंधुदुर्ग, वर्धा, गडचिरोली आणि आमचा गोंदिया. एरवी राज्याच्या कुठल्याही यादीत गोंदिया शोधायचा तर खालून बघायला सुरुवात करावी लागते, तेव्हा पानठेल्यावरच्या मंडळींच्या छात्या किती फुगल्या असतील ते सांगायला नको. पानठेले बंद होते हा भाग वेगळा. छात्या ठेल्यामागे फुगत होत्या.

श्रेय अर्थातच काट्यांना मिळालं. खरं कारण पुष्कळ साधं होतं. गोंदिया जंक्शन मुकं झालं होतं. मुंबई-हावडा मार्गावरचं हे ठाणं, इथून एक फाटा बालाघाटला जातो, एक सौंदड, अर्जुनी, वडसा करत थेट बल्लारशाला. या गाड्यांवर आमची लग्नं जुळतात, कोर्टकचेऱ्या चालतात, नागपूरचे दवाखाने गाठले जातात. त्या थांबल्या म्हणून रोगही थांबला होता. गाड्या परत सुरू होणार हे उघड होतं, आणि तेव्हा रस्त्यावरच्या बाभळीची काटी कशी उपयोगी पडणार याचा विचार करायला कुणी तयार नव्हतं.

खरं तर तो विचार रोज डोळ्यांपुढून चालत जात होता. साकोली-देवरीवरून छत्तीसगडकडे जाणारा महामार्ग एप्रिल-मे महिन्यात माणसांनी भरून वाहत होता. नागपूर, पुणे, मुंबई, कुठून कुठून निघालेली, रायपूर, ओडिशा, झारखंडकडे जाणारी माणसं. डोक्यावर गाठोडी, कडेवर लेकरं, पायांत फाटक्या चपला. आमच्या भागातल्या कितीतरी गावांनी आपल्या वेशीवर काट्या टाकल्या आणि त्याच गावांतल्या लोकांनी महामार्गावर पाण्याचे माठ ठेवले, भाताचे गंज उतरवले. यात कुणाला विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही. उघड्या रस्त्यावर, झाडाखाली, हातभर अंतरावरून पत्रावळीत भात वाढणाऱ्याने जेवढी काळजी घेतली तेवढी त्या दिवसांत पुष्कळ शहाण्या माणसांनी घेतली नसेल. फक्त तिला तेव्हा कुणी काळजी म्हटलं नाही, पुण्य म्हटलं.

साथीच्या दोन जुन्या आठवणी महाराष्ट्राच्या खेड्यांत आहेत. एक नारबोदीची: रोगाला गावाबाहेर घालवा. दुसरी प्लेगची: आपणच गावाबाहेर जा. उंदीर पडू लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे, हे थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलं नाही असं घर महाराष्ट्रात विरळा. मोकळ्यात राहायचं, ऊन-वारा खायचं, गाव निवळलं की परतायचं. या दोन्हींत पहिली आठवण सोपी, गमतीची आणि दरवर्षी ताजी होणारी. दुसरी जड, पण तीच अकलेची. २०२० मध्ये आम्ही पहिलीला धरून बसलो आणि दुसरी सपशेल विसरलो. लोकांना सांगितलं, घरात बसा, दारं लावून घ्या.

मधे १९१८ चा इन्फ्लुएंझाही येऊन गेला होता. तेव्हा आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात आणि मध्य प्रांतात मोडत होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हे त्या साथीने सर्वांत जास्त झोडपलेल्या प्रदेशांपैकी एक. १९२१ च्या जनगणनेत आजच्या भारताएवढ्या प्रदेशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. एवढा मोठा घाव, पण गावाच्या तोंडी त्याची एक गोष्ट उरलेली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे दिवस, म्हणजे हलके धान कापणीला आलेले. सावधगिरीची एखादी रीत मागे ठेवायला तेव्हा कुणाला उसंत मिळाली नसावी.

घरात बसा हा सल्ला मुंबईत, दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांनी कसा पाळला असेल ते तिथल्या लोकांनी लिहावं. आमच्याकडे तो पाळलाच गेला नाही, आणि जिथे पाळला गेला नाही तिथे फारसं बिघडलंही नाही. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलांचे दिवस. पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन बाया-माणसं रानात जातात. ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं. दुसऱ्याच्या झाडाखाली वेचायला गेलं तर साथ नसतानाही भांडण होतं. म्हणजे अंतर ठेवण्याचा नियम तिथे पिढ्यान्‌पिढ्या आधीच होता आणि पोलिसाच्या दांड्याविना पाळला जात होता. मेमध्ये तेंदूपत्ता आला. पानं तोडणं रानात, उघड्यावर. पुडे बांधणं मात्र घराच्या ओसरीत, सगळं कुटुंब गुडघ्याला गुडघा लावून. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून द्यायला गर्दी. एकाच कामाचे हे तीन तुकडे, तिन्हींचा धोका वेगळा, आणि कागदावर मात्र एकच ओळ: तेंदूपत्ता संकलनास परवानगी.

इथे मला विदर्भाच्या उन्हाची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण सावध राहून जगायचं कसं हे आम्ही पुस्तकातून नाही, उन्हातून शिकलेलो आहोत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो. लू लागून माणसं मरतात, दरवर्षी. पण म्हणून कुणी चार महिने दार लावून बसत नाही, आणि कुणी शूर होऊन दुपारी दोनला उघड्या डोक्याने नांगरतही नाही. कामं पहाटे चारला सुरू होतात आणि दहाला उरकतात. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, जाताना घोटभर कैरीचं पन्हं. कांद्याने लू टळते की नाही मला माहीत नाही. पण खिशात कांदा असलेला माणूस झाडाची सावली दिसली की थांबतो, एवढं मी पाहिलं आहे. दुपारी बारा ते चार ओसरी. लग्न संध्याकाळचं, बाजार सकाळचा. जगणं थांबत नाही, दिवसातली त्याची जागा सरकते. मुखपट्टीवरून शहरात भांडणं चालली होती तेव्हा मला नवल वाटायचं. आमच्याकडे मार्च ते जून अर्धा जिल्हा तोंड बांधूनच फिरतो, ओळखीचा माणूस चालीवरून ओळखावा लागतो.

म्हणून ‘सगळं बंद’ आणि ‘सगळं सुरू’ ही दोन्ही उत्तरं मला आळशी वाटतात. दोन्हींत डोकं चालवण्याची सूट मिळते. काम कोणतं, ते कुठे करायचं, किती वेळ, कुणासोबत, वारा आहे की नाही, हे बघत बसायला मेहनत लागते.

ती मेहनत घेतलेली मी जवळून पाहिली ती धानाच्या रोवणीत.

जुलैचा महिना. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात मुंबई-पुण्याकडची पोरं परतू लागली होती आणि जिल्ह्याचा हिरवा रंग कधीच उडाला होता. आमच्या शाळेत चौदा दिवसांसाठी ही परतलेली मुलं ठेवली होती. घरून डबे यायचे, ते फाटकाबाहेर ठेवले जायचे. संध्याकाळी ती मुलं पटांगणातल्या कडुनिंबाखाली लांब लांब बसलेली दिसायची. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी बापाला निरोप धाडला, वर्गात डास फार, मी आपल्या शेतातल्या झोपडीत राहतो. राहिला. त्याला प्लेगच्या गोष्टी कुणी सांगितलेल्या नसणार. ग्रामपंचायतीने आधी आक्षेप घेतला, कारण झोपडी नियमात नव्हती, मग डोळेझाक केली.

तर रोवणी. आमच्याकडे रोवणी आता बहुतेक गुत्त्याने होते. बायांची टोळी ठरलेली असते, एकरामागे भाव ठरतो, आणि मालकाने गाडी पाठवायची असते. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरल्यावर काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाया ओळीने वाकतात, डाव्या हातात पऱ्ह्याची पेंढी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं रोप चिखलात दाबतात आणि पाय एक एक मागे सरकतो. प्रत्येकीच्या वाट्याला तिच्या हाताच्या आवाक्याएवढी पट्टी येते, त्याहून शेजारणीच्या जवळ गेलं तर रोप दाट पडतं. तोंड खाली चिखलाकडे, वरून पाऊस, सगळ्या बाजूंनी वारा. त्या वर्षी तहसीलमधून सूचना आली होती की रोवणी करताना सुरक्षित अंतर ठेवावं. ज्याने ती लिहिली त्याने बांधी रस्त्यावरूनच पाहिली असावी.

धोका होता तो गाडीत. छोटा पिकअप, त्यात वीस बाया उभ्या, आणि पाऊस आला की दोन्ही बाजूंनी ताडपत्री खाली सोडलेली. आत ओल्या लुगड्यांचा आणि श्वासांचा दमटपणा, अर्धा-पाऊण तास. टोळीची जी म्होरकी आहे, तिला गावात सगळे मोठीबाई म्हणतात. आमच्या बांधीवर ती पहिल्याच दिवशी गाडीतून उतरली ती तावातावानेच.

“गाडीत कोंबून आनता, न् बांधीत दूर दूर राहा मनता! उद्यापासून आमी पायीच येतो जी.”

“मोठीबाई, दोन कोस आहे. उशीर होईल.”

“मंग उशिरा सोडू नोका. आमी बेगीन निगतो, बेगीन जातो.”

दुसऱ्या दिवसापासून त्या धुऱ्याधुऱ्याने पायी आल्या, दूरून त्यांच्या बोलण्याचा आवाज आधी यायचा आणि रंगीत पन्न्या नंतर दिसायच्या. म्हाताऱ्या दोघी-तिघींसाठी गाडी राहिली, पण ताडपत्री काढून. जेवायला पूर्वी मोहाच्या झाडाखाली गोल करून बसायच्या आणि एकीची भाजी दुसरीच्या भाकरीवर जायची. त्या वर्षी धुऱ्यावर ओळीने बसल्या, एका बाजूला तोंड करून. भाजीची देवघेव मात्र चालूच राहिली, डबा ओळीने हातोहात जायचा. मी काही बोललो नाही. शिदोरी एकटीने खायची म्हटलं असतं तर सगळाच बेत मोडला असता, आणि मोठीबाईने जो हिशेब मांडला होता त्यात कुठे सोडायचं आणि कुठे नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

शास्त्रज्ञ त्याच सुमारास त्याच जागी पोचत होते. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. जगभर लोक भाजी धूत होते, वर्तमानपत्रं उन्हात ठेवत होते, रस्त्यांवर फवारे मारत होते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून म्हटलं की बंद जागेत तरंगत राहणाऱ्या हवेकडेही बघा. संघटनेने ते हळूहळू, कुरकुरत मान्य केलं. पण साबणाची जाहिरात जितकी सोपी तितकी वाऱ्याची नसते. त्यामुळे पुढे दोन वर्षं आमच्या तालुक्याच्या ठिकाणी जी दृश्यं दिसली ती अशी: एका कचेरीच्या दारात शिपाई कपाळावर तापमापीचं पिस्तूल रोखून उभा, हातावर दोन थेंब टाकतो, आणि आत खिडक्या बंद, कारण खिडकीत फायलींचे गठ्ठे. बाहेर व्हरांड्यात बसायला बाकं होती. ती ‘गर्दी टाळण्यासाठी’ उलटी करून ठेवली होती.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. १५ सप्टेंबर ते २५ ऑक्टोबर, राज्यातल्या प्रत्येक घरी जाऊन ताप आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायचा. आमच्या गावच्या आशाताईंसोबत मी होतो. मास्तर असल्यामुळे मला रजिस्टर मिळालं, यंत्रं त्यांच्याकडे. ही मोहीम चांगली होती हे आधी सांगतो. तिने कित्येक लपलेले मधुमेह आणि रक्तदाब उघडे केले. शेतातून आलेल्या हातांवर मात्र ऑक्सिजनचं यंत्र लवकर बोलत नाही. बोटं थंड, कातडी जाड, नखांत चिखल. आशाताई एकेक बोट स्वतःच्या पदराने पुसायच्या, चोळायच्या, पुन्हा चिमटा लावायच्या. एक आजोबा आकड्याकडे डोळे लावून बसले होते.

“काय मनते गुरुजी, यंत्र?”

“शहाण्णव.”

“कितीपैकी?”

“शंभरपैकी.”

“मंग पास झालो ना जी!”

रजिस्टरात रकाने होते. नाव, वय, ताप, ऑक्सिजन, मधुमेह, रक्तदाब, इतर आजार. घरोघरी ते भरताना एक गोष्ट माझ्या लक्षात येऊ लागली. गावातलं जुनं मातीचं घर बाहेरून मोकळं असतं. अंगण, ओसरी, कवेलूंच्या फटींतून येणारा उजेड. पण घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस सगळ्यांत आतल्या खोलीत असतं. धानाच्या ढोलीला लागून खाट, पायथ्याशी चूल नाहीतर चुलीच्या भिंतीपलीकडे, आणि वर हातभर झरोका, तोही थंडी नको म्हणून पोत्याने बुजवलेला. ज्याला जपायचं त्याला आत ठेवायचं ही माया. नव्या सिमेंटच्या घरकुलांत तर झरोकाही नाही. एका खिडकीला कूलर बसवला आणि दुसरीपुढे कपाट आलं की संपलं. घरातल्या तरण्या पोरांनी दिवसभर बाजार, धान खरेदी केंद्र, बारदान्याची रांग सगळं फिरून यायचं आणि रात्री त्या खोलीत जेवायला बसायचं. आम्ही ताप मोजला, ऑक्सिजन मोजला. खिडकीचा रकाना रजिस्टरात नव्हता.

मी मग तोंडी सांगू लागलो. आजीची खाट ओसरीत आणा, पोतं काढा. काही घरांनी ऐकलं. एका घरी सुनेने सरळ विचारलं, “गुरुजी, आजी रात्री ओसरीत कुडकुडली न् तिले न्यूमोनिया झाला, त मंग तुमी येसाल का?” उत्तर सोपं नव्हतं. ऑक्टोबर उतरत होता, नवेगावबांधच्या तलावाकडून पहाटे गार वारा येऊ लागला होता. शेवटी दुपारी खाट बाहेर, रात्री आत, आणि बाहेरून येणाऱ्यांनी ओसरीत जेवायचं असं ठरलं. कुठल्याही परिपत्रकात हे बसलं नसतं. त्या घरात मात्र बसलं.

आणि मग मंडई आली. की नाही आली?

बाहेरच्या वाचकाला मंडई म्हणजे भाजीबाजार वाटेल. इकडे दिवाळीनंतर, भाऊबीजेपासून, गावोगाव जी जत्रा भरते ती मंडई. आज या गावी, उद्या त्या गावी, पुढे कितीतरी दिवस. गोवारी बांधवांची ढाल निघते, दिवसा दंडारीचा खेळ होतो, दुकानं लागतात, जिलबीच्या कढया चढतात, आकाशपाळणे कुरकुरतात. उपवर मुलगी बघायला याहून चांगली जागा नाही, कारण कुणी बघायला आलंय असं म्हणावं लागत नाही. आणि रात्री नाटक. आमच्या या झाडीपट्टीचं नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेला सुटतं. कंपन्या बहुतेक वडशाच्या. परशुराम खुणे यांना २०२३ साली या रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा बाकी महाराष्ट्राला तिचा पत्ता लागला, पण इथे तिच्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. नट, वादक, मंडपवाले, चहावाले, पोस्टर रंगवणारे. हंगाम चार महिन्यांचा, आणि त्या कमाईवर वर्ष काढायचं.

नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात नाट्यगृहं निम्म्या आसनांवर उघडायला परवानगी मिळाली. ‘नाट्यगृह’ म्हणताना मंत्रालयासमोर पुण्या-मुंबईचं वातानुकूलित सभागृह असणार, नंबरच्या खुर्च्यांचं. तणसावर घोंगडी पांघरून बसलेल्या प्रेक्षकाची निम्मी आसनं कशी मोजायची? झाडीपट्टीत त्या हंगामात पडदा जवळजवळ उठलाच नाही. शिवारात मजुरीला जाणारे कलावंत मी पाहिले. राजाची भूमिका करणाऱ्या गड्याने आमच्याच गावात धान कापलं, आणि दुपारच्या सुट्टीत दोन स्वगतं म्हणून दाखवली.

पण मंडईच्या धोक्याचा हिशेब मी मनाशी पुष्कळ वेळा मांडला आहे, आणि तो लोक समजत होते त्याच्या उलटा येतो. सगळे भ्यायचे ते दिवसाच्या गर्दीला. ती तर उघड्या माळावर, उन्हात. नाटकाचा मंडप त्याहून वाईट, कारण तिकिटासाठी चारी बाजूंनी कनात लावलेली असते. पण सगळ्यांत वाईट ते घर. मंडईला पाहुणे येतात, लेकी-जावई, मामा-मावश्या, कुणालाच नाही म्हणता येत नाही. नाटक सुटल्यावर पहाटे एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं आडवी होतात, डोक्यावरून पांघरूण, दार बंद. गावाने नाटक बंद केलं, आकाशपाळणा बंद केला, आणि पाहुण्यांना मात्र निरोप धाडायला जीभ उचलेना. आमच्या गावात शेवटी ढाल निघाली, तासभर दंडार झाली, गावचीच माणसं. पाहुण्यांना फोन गेले तेही घुमवून फिरवून: “या ना, पण औंदा नाटक नाही काही.” नाटक नाही म्हटल्यावर निम्मे आपोआपच आले नाहीत. जे आले ते संध्याकाळच्या आत परतले. सरळ ‘येऊ नका’ म्हणण्यापेक्षा हे मला जास्त शहाणपणाचं वाटलं, कारण नातं न मोडता गर्दी मोडली.

एप्रिल २०२१ बद्दल मी फार लिहिणार नाही. सगळ्यांकडे तो महिना आहे. खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, गोंदियाहून नागपूर आणि नागपूरहून परत असे फोन फिरत होते. जानेवारीतल्या शून्याशून्याच्या दिवसांत लोकांनी दुपट्टे खांद्यावर टाकले होते आणि दोन हंगामांचं राहून गेलेलं एकदम करायला घेतलं होतं. राहिलेली लग्नं, राहिलेली बारशी, राहिलेल्या तेरव्या. माझे एक मामाजी तेव्हा गेले. ते वर्षभर बाजारातसुद्धा गेले नव्हते. एका जवळच्याच्या तेरवीला तेवढे गेले, आणि अवेळी पाऊस आल्यामुळे अंगणातली पंगत उचलून आत घेतली होती.

२२ एप्रिलपासून लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला. पंचवीस हा आकडा ठीक, पण पंचवीस माणसं हिरव्या मांडवाखाली, जांभळीच्या डहाळ्यांतून वारा वाहत असताना, आणि पंचवीस माणसं लॉजच्या बंद हॉलमध्ये, या दोन्हींना नियमात भाव एकच. दंड पन्नास हजार. लोक आकड्याला धाक म्हणून मोजायचे. दाराशी पंचवीस मोजून आत घेतले की झालं, मग दार लावून घ्यायचं, बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून.

आता या गोष्टीला काही वर्षं झाली. काट्या सरपणात गेल्या, गावबंदीच्या पाट्या शाळेत परत आल्या, ‘गावबंदी’वर नवा रंग चढून तिथे पाढे आले. बल्लारशाची पॅसेंजर पुन्हा धावते. मंडई जोरात भरते, आणि मोठीबाईची टोळी पुन्हा पिकअपमधून येते, ताडपत्रीसकट. मी विचारलं तर म्हणाली, “आता कोन चालते जी दोन कोस?” तेही खरंच. ऊन उतरल्यावर खिशात कांदा कोण ठेवतो?

गेल्या वर्षी गावात समाजभवन मंजूर झालं. लग्नं, तेरव्या, ग्रामसभा, सगळं आता तिथे व्हायचं, म्हणजे पावसाची कटकट नको. नकाशा ग्रामपंचायतीत टेबलावर पसरला होता तेव्हा मी वाकून पाहिला. पत्र्याचं छत, दोन दारं, समोर काचेच्या सरकत्या खिडक्या, आणि मागच्या लांब भिंतीला काहीच नाही. मी विचारलं, मागे खिडक्या का नाहीत, निदान वर झरोके तरी? मागे नाली आहे, वास येईल, असं उत्तर आलं. नाली बुजवता येईल, मी म्हटलं. नालीचं काम वेगळ्या योजनेत येतं. झरोक्यांना खर्च किती, विचारलं, तर कुणालाच सांगता येईना, कारण अंदाजपत्रकात पंखे होते, ट्यूबलाइट होत्या, कोनशिलेचा ग्रॅनाइट होता. सरपंचताईंनी मात्र पेन्सिल मागितली आणि मागच्या भिंतीवर चार चौकोन काढले. ते कागदावर अजून आहेत. अभियंता साहेबांची सही त्यावर व्हायची आहे, आणि ठेकेदार म्हणतो, सही आली नाही तर पावसाळ्याआधी भिंत पुरी करतो.